निर्दोष कैदी कसा सांभाळावा

सुभेदारकी मिळाल्याबद्दल अभिनंदन! आज ना उद्या तुमच्या ताब्यात असा कैदी येईल, ज्यानं काहीच केलेलं नाही. चोराचं सोपं असतं हो, पण याचं करायचं काय? घाबरू नका. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' उघडा आणि ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याच्या खटल्याचे अध्याय २३ ते २६ कचेरीची नियमपुस्तिका समजून वाचा.

आधी पत्रलेखन शिका, यरुशलेमेतल्या रोमी फौजेचा सरदार क्लौद्य लुसिया याच्याकडून. त्यानं पौलाला बांधलं, फटके मारून चौकशी करायचा हुकूम दिला. मग कळलं की हा जन्मानं रोमी नागरिक, म्हणजे चौकशीविना फटके बेकायदा. वरच्या साहेबांना लिहिताना मात्र हा रोमी आहे असं समजलं म्हणून मीच याला सोडवलं, एवढंच. मरणाची किंवा कैदेची शिक्षा व्हावी असा आरोप याच्यावर नाही, हेही त्याच पत्रात. मग सोडला का नाही? पौलावर चिडलेली ४० हून अधिक यहुदी माणसं त्याला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही अशी शपथ घेऊन बसली होती, हे खरं. (त्यांच्या उपासाचं पुढे काय झालं, ते ग्रंथ सांगत नाही.) २०० शिपाई, ७० स्वार, २०० भालेकरी देऊन रातोरात पौलाची रवानगी सुभेदाराच्या मुक्कामी, कैसरीयाकडे. लुसिया मोकळा.

आता तिथला रोमी सुभेदार फेलिक्स. यांचं पान घडी घालून ठेवा. यहुदी पुढाऱ्यांचा वकील तिर्तुल्ल यानं आधी साहेबांच्या कारभाराची आरती ओवाळली, मग आरोप केले. फेलिक्सनं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, लुसिया आला की निकाल देऊ. लुसिया आल्याची नोंद कुठेही नाही! पौल बोलता बोलता म्हणून गेला होता की मी आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो. म्हणजे कनवटीला काही असणार. म्हणून फेलिक्स त्याला वरचेवर बोलवी, गप्पा मारी. एकदा बायको द्रुसिल्लेसह ऐकायला बसला, तर हा कैदी नीती, संयम आणि पुढे होणाऱ्या न्यायाबद्दलच बोलायला लागला. साहेबांना घाम फुटला. सध्या जा, सवड झाली की बोलावीन! सरकारी काम, सहा महिने थांब. इथे २ वर्षं गेली. बदली झाली तेव्हा यरुशलेमेतल्या वजनदार मंडळींची मर्जी राहावी म्हणून पौलाला तसाच आत ठेवून गेला. मर्जी राहिली का? कैसरीयाच्या यहुदी पुढाऱ्यांनी त्याची तक्रार रोमी सम्राट नीरोपर्यंत नेली, असं यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. भाऊ पल्लास दरबारी होता म्हणून निभावलं. तेव्हा भाऊ आधी चिकटवून ठेवा.

नंतर आलेला सुभेदार फेस्त यानं यरुशलेमेत चौकशी करू का, असं पौलालाच विचारलं. तिथे जाणं म्हणजे मरणच, हे ओळखून पौलानं थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे दाद मागितली. फेस्ताची सुटका झाली, पण कैसराला कळवायचं काय? आरोपच सापडेना! अशा वेळी मार्गदर्शन मागवावं. यहुदी राजा अग्रिप्पा बहीण बर्णीकेसह थाटामाटात आला (द्रुसिल्लाही यांचीच बहीण, म्हणजे फाइल घरातच फिरली). पौल बोलू लागला तसा फेस्त ओरडला, फार शिकून तुला वेड लागलंय.

मग सगळे उठले, बाजूला गेले आणि एकमतानं म्हणाले, यानं काहीच केलेलं नाही. अग्रिप्पाचा शेरा तर पाठच करा: कैसराकडे दाद मागितली नसती, तर याला सोडता आलं असतं. २ वर्षं कैद आधीची, दाद नंतरची; तरी चूक कैद्याची.

फेस्तानं अखेर काय लिहून पाठवलं, ते पत्र ग्रंथात नाही. पौलाचं जहाज माल्टाजवळ फुटलं. कागदपत्रं वाहून गेली असावीत, असं लिहून ठेवायला हरकत नाही.