मुकादम सुखरूप आहे

मांजर पाळायला काही लागत नाही, वाटीभर दूध आणि पोळीचा तुकडा टाकला की झालं, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी एकाच्याही घरी मांजर नव्हतं. खरं तर मांजराचा काही त्रास नाही. कठीण असतात ती त्याच्या भोवतालची माणसं. आमच्या बोक्याला सांभाळण्यात माझा जेवढा वेळ गेलाय, त्याच्या चौपट वेळ सासूबाई, सासरे, कामाच्या मावशी, समोरच्या काकू आणि एक कबुतरजाळीवाला यांची समजूत घालण्यात गेलाय.

लेकीनं त्याला भर पावसात पार्किंगमधून उचलून आणलं, तेव्हा तिनं त्याचं नाव ऑलिव्हर ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी घरी प्लंबर आला. हे एवढंसं पिल्लू त्याच्यासमोर शेपटी पायांभोवती गुंडाळून बसलं आणि नळ गळायचा थांबेपर्यंत जागचं हललं नाही. अप्पा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर रेल्वेत होते. ते म्हणाले, "आमच्या सेक्शनला गँगचा मुकादम अस्साच बसायचा. स्वतः काही करायचा नाही, पण दुसऱ्याला चहाला उठू द्यायचा नाही." ऑलिव्हर तिथंच संपला.

आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंग जुनी, खिडक्यांना बाहेर काढलेल्या पेटीसारख्या ग्रिल. त्यात तुळस, कोरफड, एक गळकी बादली आणि आईंचा पापडाचा पाट असा संसार. ग्रिलच्या गजांमधून माणूस पडणार नाही, चोर येणार नाही, पण मांजर आरामात जाईल, एवढी जागा होती. मुकादम तिथं बसून कबुतरांकडे बघत दात वाजवायचा. मी जाळीचा विषय काढला, तर अप्पा हसले. "अगं, मांजर पायावरच पडतं. त्याला काय होतंय!"

पायावर पडतं हे खरं. मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९४ साली पडत्या मांजराचे एकामागून एक फोटो काढून ते दाखवूनही दिलंय. आधी पुढचं अंग वळतं, मग मागचं, आणि जमिनीशी पोचेपर्यंत चारही पाय खाली. पण पायावर पडणं आणि धड राहणं यांत फरक आहे. न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी १९८७ मध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला. त्यात वाचलेली होती नव्वद टक्के, पण कुणाच्या छातीत हवा भरलेली, कुणाचा जबडा मोडलेला, कुणाची टाळू फाटलेली. हे मी अप्पांना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवलं आणि फसले. कारण त्याच अभ्यासात असंही होतं, की सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना इजा उलट कमी होती. अप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे आपण आठव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायला हवा होता."

"अप्पा, जी मांजरं जागेवरच गेली, त्यांना कोण कशाला दवाखान्यात नेईल? ती मोजलीच गेली नाहीत."

यावर ते बराच वेळ गप्प बसले. रेल्वेचा माणूस. न आलेल्या गाडीची नोंद कुठल्या रजिस्टरात होते, याचा विचार करत असावेत. संध्याकाळी त्यांनी स्वतःच जाळीवाल्याला फोन लावला.

जाळीवाला आला, त्यानं खिडकी मापली आणि म्हणाला, "मॅडम, गॅरंटी. एक कबूतर आत येणार नाही."

"कबुतराचं सोडा. आतलं बाहेर जाता कामा नये."

त्यानं घरातल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. आईंकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, "ग्रिल आहे की." मी मुकादमाकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. त्याची नायलॉनची जाळी मुकादमानं आठवडाभर शिडी म्हणून वापरली आणि मग एका कोपऱ्यात नीट कुरतडून आपल्यापुरती खिडकी केली. शेवटी फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टीलची बारीक जाळी ठोकून घेतली. आता तुळशीला पाणी घालायचं तर स्क्रू-ड्रायव्हर लागतो. आई रोज सकाळी "देवा, काय दिवस आणलेस" म्हणत तो मागतात.

अप्पांचं मात्र मतपरिवर्तन झालं ते कायमचं. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्यांना सुरक्षेचं खातं मिळालं. फ्रिजवर परिपत्रकं लागू लागली. परिपत्रक क्रमांक एक: वॉशिंग मशीन लावण्यापूर्वी आत हात घालून तपासणे. (हे रास्त आहे. उबदार, अंधारं आणि मऊ कपड्यांचं भोक दिसलं की मांजर आत जाऊन झोपतं.) दोन: दार उघडण्यापूर्वी "दार!" असा पुकारा करणे. आमच्याकडे आता पाहुणा आला की आधी चार आवाजांत "दार!" असं ऐकू येतं, मग धावपळ, मग शांतता, मग दार उघडतं. कुरिअरवाला घाबरून पार्सल पायरीवर ठेवून जातो.

मावशींशी गाठ पडली ती फिनेलवरून. मांजराचं यकृत फिनॉलसारख्या गोष्टी आपल्यासारख्या मोडून बाहेर टाकू शकत नाही. लादीवरचं फिनेल पायाला लागतं, पाय हा सतत चाटत असतो, म्हणजे ते थेट पोटात. हे मी सांगितलं, तेव्हा मावशी बादलीवर हात टेकून उभ्या होत्या. "वहिनी, तुमचं खरं असंल. पण फिनेलचा वास आल्याबिगर लादी पुसल्यासारखी वाटत न्हाई." साबणाचं पाणी त्यांनी मान्य केलं, पण मनावर दगड ठेवून. हल्ली दाराबाहेरचा जिना कधी नव्हे इतका फिनेलनं घमघमतो. कपाटातल्या डांबरगोळ्याही गेल्या, आणि आईंच्या शालूला आता कडुनिंबाच्या पाल्याचा वास येतो, ज्याबद्दल लग्नाकार्यात लोक विचारतात.

तेच यकृत आणखी एका जागी आड आलं. मुकादम एकदा सलग शिंकला. मी ऑफिसातून आले, तर आई वाटीत चमचा फिरवत बसलेल्या. तुपात तापाच्या गोळीचा पाव तुकडा कुस्करलेला. "एवढुशीच आहे गं, लहान मुलाचा डोस." मी वाटी अक्षरशः हिसकावून घेतली. आपली साधी पॅरासिटामॉलची पाचशेची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. रक्त प्राणवायू वाहायचंच थांबवतं, हिरड्या काळसर पडतात, तोंड सुजतं. आई दुखावल्या. "अख्खं घर मी याच गोळीवर वाढवलंय," म्हणाल्या. तेही खोटं नाही. माझा नवरा त्याचा पुरावा म्हणून समोर उभा होता.

त्यावरून परिपत्रक क्रमांक सात निघालं, आणि ते अप्पांच्या स्वतःच्या डबीबद्दल होतं. रविवार ते शनिवार असे सात खण असलेली त्यांची गोळ्यांची डबी आहे. ती उघडताना हात थरथरतो, एखादी गोळी निसटते आणि मुकादम ती घरभर हॉकीसारखी खेळवतो. तेव्हा, "जमिनीवर कुठेही गोळी आढळल्यास आढळणाऱ्या व्यक्तीने ती तत्काळ उचलून अप्पांच्या डबीत चालू वाराच्या खणात ठेवावी. विलंब अक्षम्य." खाली सही. मावशींना वाचून दाखवलं गेलं.

फुलपुडीचा दोरा हे प्रकरण मात्र मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. आमच्याकडे रोज फुलपुडी येते आणि आई तिचा दोरा कधी टाकत नाहीत. "कामाला येतो." किती वर्षांचे दोरे गुंडाळून केलेला एक गोळा देवघरामागे होता, आणि मुकादमाला त्याचा पत्ता लागला होता. मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेनं वळलेले काटे असतात. दोरा एकदा तोंडात गेला की थुंकायची सोय नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं की नाडी ओढल्यावर पायजम्याची कंबर गोळा होते तसं आतडं गोळा होतं, आणि दोरा ते चिरतो. म्हणून दोऱ्याचं टोक कुठूनही बाहेर दिसलं, अगदी शेपटीखालून, तरी ओढायचं नाही, तडक डॉक्टर गाठायचे. नाडीचं ऐकल्याबरोबर आईंना सगळं समजलं. जन्मभर नाड्या ओवल्या आहेत त्यांनी. दोऱ्याचा गोळा आता चिनी मातीच्या बरणीत, दादरा बांधून, लोणच्याच्या शेजारी आहे. दादऱ्यालाही दोराच आहे, हे मी बोलले नाही.

अप्पांची पंचाहत्तरी घरीच केली. भाचा दादरहून मोठा पुष्पगुच्छ घेऊन आला. दारात उभा, चेहऱ्यावर हसू, आणि गुच्छात मधोमध लांब पाकळ्यांची गुलाबी लिली, तपकिरी परागांनी भरलेली. मी ओरडलेच, "आत आणू नकोस!" तो बिचारा एक पाय उंबऱ्यात ठेवून थांबला. त्याला वाटलं सुतक आहे. या लिलीचं पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, इतकंच काय अंगावर पडलेले पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात. आपल्या हारात कळ्या असतात त्या लिलीचं कूळ वेगळं, हे मी घाईघाईनं जोडलं, कारण आई देवाच्या हाराकडे संशयानं बघू लागल्या होत्या. गुच्छ समोरच्या काकूंकडे गेला. त्यांनी तो आनंदानं घेतला आणि बदल्यात वाटीभर दूध दिलं. "तुमच्या मन्यासाठी." मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही, पोट बिघडतं, हे मी त्यांना आजवर सांगत आलेय. त्या दरवेळी म्हणतात, "हो का? मग थोडंच द्या."

मुकादमाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे घरादाराची परीक्षा. रेबीजची लस दरवर्षी, शिवाय बाकीची. एरवी नेण्याचा पिंजरा हॉलमध्ये उघडा पडलेला असतो, आत त्याचं जुनं पांघरूण, आणि तो त्यात खुशाल झोपतो. पण पिंजरा त्या सकाळी त्याच जागी, त्याच पांघरुणासह असला, तरी त्याला कळतं. कसं कोण जाणे. आम्ही तर आपापसात "लस" हा शब्दही उच्चारत नाही. अप्पा त्याला "ती इन्स्पेक्शन" म्हणतात.

एकदा स्वतंत्र रिक्षा मिळाली नाही, म्हणून शेअर रिक्षानं गेले. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात तार सप्तकातला मुकादम. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती रडतंय हो, बाहेर काढा ना जरा." पलीकडचे गृहस्थ म्हणाले, पिशवीत घालून न्यायचं, अंधारात गप बसतं. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "त्याची सीट धरायची का?" मी पिंजऱ्यावर ओढणी टाकली आणि दोघं गप्प झाले, मुकादम आणि रिक्षावाला. तिकडे दवाखान्यात "मुकादम कुलकर्णी!" असा पुकारा झाल्यावर एक कुत्रेवाले आजोबा अदबीनं उठून उभे राहिले, ते अप्पांकडे बघून. अप्पांनीही मान डोलावली.

लस झाली. वजन चार किलो दोनशे. डॉक्टरांनी जंताची अर्धी गोळी घरी द्यायला सांगितली.

घरी गोळी द्यायची म्हणजे असं: नवऱ्यानं त्याला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, नुसतं डोकं बाहेर. लेकीनं पुढचे पंजे टॉवेलवरून धरायचे. मी एका हातानं डोकं मागे करायचं, दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचा जबडा उघडायचा, गोळी जिभेच्या अगदी मुळाशी सोडायची, तोंड मिटायचं आणि नाकावर हळूच फुंकर मारायची. नाक चाटलं की गोळी गेली असं समजायचं. आईंनी बाजूला उभं राहून रामरक्षा म्हणायची, हे पुस्तकात नाही. मुकादमानं नाक चाटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो टॉवेलमधून सुटला, टीव्हीच्या मागे गेला, थोड्या वेळानं बाहेर आला आणि अंग चाटत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी टीव्हीमागचा केर काढला, आणि परिपत्रक क्रमांक सातचं काटेकोर पालन केलं.

अप्पांनी रात्री जेवणानंतर नेहमीच्या गोळ्या घेतल्या. "आज अर्धी जास्त होती," ते म्हणाले, "कडू होती जरा." मी मावशींना फोन लावला, मग डॉक्टरांना. त्यांनी शांतपणे विचारलं, "वजन किती?"

"चार किलो दोनशे."

"अहो, सासऱ्यांचं."

"बासष्ट."

"मग त्यांना काही होत नाही. मुकादमासाठी मात्र दुसरी घेऊन जा."

अप्पांनी ते शेजारी बसून ऐकलं होतं. परिपत्रक क्रमांक सात त्यांनी मागे घेतलं नाही, नुसती खाली दुरुस्ती जोडली: "पूर्ण गोळ्याच." सकाळी तिसरी पोळी मागून घेताना आईंना म्हणाले, "गुण आहे हो त्या डॉक्टरच्या हाताला. भूक लागायला लागली."