पंप किती एचपीचा?

समोरच्या काकांचा फ्लश गळत होता म्हणून प्लंबर आला होता आणि मला एक ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबराची बारीक कडी, हवी होती. बस, एवढंच. नोकरी, पिकलेले केस, सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन शब्द बोलण्याचा मान, असं करत करत माणूस जी थोडीफार पत कमावतो, ती धुऊन काढायला एवढं भांडवल पुरतं.

प्लंबरला मी जिन्यातच गाठलं.

"दादा, बारीक ओ-रिंग असेल का एखादी?"

"कशाला पाहिजे?"

"पंपाला."

यात खोटं काहीच नव्हतं. पंपच आहे तो. दट्ट्या आहे, दोन व्हॉल्व्ह आहेत, मागे ओढला की पाणी उचलतो, पुढे रेटला की ढकलतो.

"किती एचपीचा?"

"एचपी वगैरे नाही हो, हातपंप आहे."

"बोअरचा?"

"नाही नाही. छोटा."

"किती छोटा?"

मी हाताने माप दाखवलं. त्याने आधी माझ्या हातांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "फवारणीचा काय?"

"त्याच जातीतला."

"एअर घेतोय?"

इतक्या दिवसांत माझ्या दुखण्याचं कुणी अचूक निदान केलं नव्हतं. "हो! पाणी उचलतच नाही, नुसती हवा खेचतो."

"मग फूट व्हॉल्व्ह बसला असणार. असं सांगून कळायचं नाही साहेब, बघायला लागेल." आणि त्याने पिशवी उचलली. मी "अहो, नुसती रिंग दिलीत तरी चालेल" म्हणत मागून जिना चढतोय आणि माझ्या मागून काका, "अरे, माझा फ्लश उघडा टाकून हा कुठं निघाला?" असं विचारत चढतायत, अशी आमची मिरवणूक माझ्या घरात शिरली.

ती टेबलावरच पडली होती. हिरवी, पिवळी आणि नारिंगी. वॉटर गन. बंदुकीच्या आकाराची वस्तू लांबूनही खेळणं वाटावी म्हणून असले भडक रंग देतात, हे मी आजवर पुष्कळांना सांगितलंय आणि एकाच्याही चेहऱ्यावर त्याने फरक पडलेला नाही.

प्लंबर काही बोलला नाही. त्याने फक्त पिशवी खाली ठेवली. बोलले ते काका.

"मुलाची का रे?"

"नाही."

"भाच्याची?"

"माझीच आहे, काका."

"हां हां, लहानपणची. जपून ठेवलीस."

इथे गप्प बसून भागलं असतं. पण अंगात छंद असला की गप्प बसवत नाही. "लहानपणी नव्हती. नोकरी लागल्यावर घेतली."

काका खुर्चीत बसले. वाईट बातमी ऐकून बसतात तसे. मग प्लंबरकडे बघून, मी खोलीत नसल्यासारखं म्हणाले, "तसा मुलगा चांगला आहे हं हा."

हे मला अजून पचलेलं नाही. कुणी तिकिटं जमवतो, तो व्यासंगी. कुणी बंद पडलेली घड्याळं जमवतो, तो रसिक. तिघंचौघं मिळून रविवारी पहाटे दुर्बिणी गळ्यात अडकवून झुडपात बसतात, ते निसर्गप्रेमी. मी पाणी फेकणारं एक यंत्र दुरुस्त करतो, तर मी 'तसा चांगला'. त्या 'तसा'मध्ये काय काय कोंबलंय ते मला समजतं.

आणि यंत्र म्हणजे यंत्रच आहे ते. लॉनी जॉन्सन नावाचा अमेरिकी इंजिनिअर. अमेरिकी हवाई दलात नोकरी केलेला, नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत गुरूकडे जाणाऱ्या गॅलिलिओ यानावर काम केलेला. १९८२ साली तो घरी एका उष्णता-पंपाच्या खटपटीत होता. त्यात फ्रिजमध्ये वापरतात त्या फ्रेऑन वायूऐवजी साधं पाणी वापरता येईल का, हे त्याला बघायचं होतं. स्वतः घडवलेलं नोझल त्याने बाथरूममधल्या नळाला जोडलं आणि अशी धार सुटली की उष्णता-पंप राहिला बाजूला आणि याला भलतंच सुचलं. त्या वेळी त्या बाथरूममध्ये समोरचे काका नव्हते, हे मानवजातीचं भाग्य.

पुढे हे खेळणं विकायला त्याला बरीच वर्षं वणवण करावी लागली. लॅरामी या खेळण्यांच्या कंपनीला दाखवलेला नमुना पीव्हीसी पाइप, अ‍ॅक्रिलिक आणि वर कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली असा होता. १९९० साली ते 'पॉवर ड्रेंचर' नावाने बाजारात आलं, १९९१ मध्ये त्याचं नाव 'सुपर सोकर' झालं आणि त्या एका वर्षात वीस कोटी डॉलरच्या वर विक्री झाली. २०१५ साली ते अमेरिकेतल्या नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसलं. मधल्या काळात रॉयल्टीची भांडणंही झाली आणि २०१३ मध्ये लवादाने जॉन्सनला सुमारे ७.३ कोटी डॉलर देववले.

यातलं बरंचसं मी त्या दोघांना सांगितलं. काकांनी फक्त शेवटचा आकडा ऐकला. "ह्याच्यात? एवढे?"

प्लंबरचं लक्ष दुसरीकडेच अडकलं होतं. "पीव्हीसीचा केला होता? सोल्युशन लावून?"

"हो."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि मांडी घालून खाली बसला. तेवढ्यावरून मी त्याला पुढचं सगळं माफ करणार होतो. पण पुढे त्याने जे केलं ते माफ होण्यातलं नव्हतं. ते येईलच.

"पाणी फेकतं कशानं हे?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मला कुणी विचारावा म्हणून मी कित्येक वर्षं थांबलोय. अगदी जुन्या पिस्तुलांत चाप हाच पंप असायचा. बोट जेवढं सरकेल तेवढं चमचाभर पाणी बाहेर. बोट आधी दमायचं, समोरचा नंतर ओला व्हायचा, तोही थांबून राहिला तर. जॉन्सनने पंप आणि चाप वेगळे केले. आधी सावकाश पंप मारून हवा दाबून ठेवायची आणि मग चाप ओढून तो साठलेला जोर एकदम सोडायचा. एवढीच युक्ती, पण तिने खेळ बदलला.

"प्रेशर टँक," प्लंबर म्हणाला.

"अगदी! पण त्यात एक खोट राहते. पाणी बाहेर गेलं की..."

"हवेला जागा होते. प्रेशर पडतं."

शाळेत बॉइलचा नियम मी पाठ करून लिहिला होता. या माणसाने तो हातांनी शिकलेला होता. दाब पडतो म्हणूनच हवेवरच्या बंदुकीची धार आधी शत्रूच्या छातीवर, मग गुडघ्यावर आणि शेवटी आपल्याच बुटांवर येते. यावर १९९६ साली उपाय निघाला. सीपीएस, म्हणजे 'कॉन्स्टंट प्रेशर सिस्टीम'. हवेऐवजी आत जाड रबराचा फुगा. पंपाने पाणी त्यात कोंबायचं, रबर ताणतं आणि आकसताना पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत जवळजवळ सारख्याच जोराने पाणी ढकलतं. धार खाली झुकत झुकत मरत नाही, तुटते. त्या वर्षीची सीपीएस २००० अजून या छंदातल्या लोकांत देवासारखी मानली जाते. टेबलावरची माझी त्याच पंथातली.

"नोझल बारीक केलं तर अजून लांब जाईल," प्लंबर म्हणाला. "पाइपाला अंगठा लावतो ना आपण."

नाही. इथे मात्र मी ऐकून घेणार नव्हतो. अंगठा लावल्यावर लांब जातं ते लांबलचक पाइपात दाब वाया जात असतो म्हणून. वाहणं कमी केलं की तो वाचतो आणि तोंडाशी मिळतो. बंदुकीत पाइप आहेच कुठे? इथे बारीक धार लगेच फुटते, तिचे थेंब होतात आणि थेंबांना हवा जागच्या जागी अडवते. जाड धार एकसंध राहते, म्हणून लांब जाते. हे मी हातवारे करून, उभा राहून सांगितलं. काकांनी मध्येच विचारलं, "तुझ्या ऑफिसात माहीत आहे का हे?"

तोवर प्लंबरने स्क्रू काढलेही होते. हो, स्क्रू! माझ्या जुनीला स्क्रू आहेत. अलीकडे मी एक बॅटरीची घेतली होती, तिला एकही स्क्रू नाही. दोन अर्ध्या कवट्या चिकटवून टाकलेल्या. मोटर आत गुरगुरते, चार्ज संपला की हातात प्लास्टिकचा डबा उरतो, आणि बिघडली तर उघडायची सोय नाही, फोडायची आहे. बॅटरीला माझा सरसकट विरोध नाही. २०१८ साली जर्मन लोकांनी 'स्पायरा' काढली. तिचं तोंड पाण्यात बुडवलं की ती आपली आपण भरून घेते, सलग धारेऐवजी पाण्याचे सुटे गोळे मारते आणि किती उरले ते पडद्यावर दाखवते. त्यामागे डोकं आहे, कबूल. पण बाकीच्या बाजारात काय चाललंय? नवी म्हणून घ्यावी तर आत पुन्हा तोच दट्ट्या: दांडा रेटा, पाणी सांडा. साठवणं नाही, दाब नाही. रबराचा फुगा जगाला सापडला होता हो! सापडलेली गोष्ट माणसं टाकून कशी देतात? आणि वर डब्यावर एका पोराचं चित्र, त्याची धार अशी लांब की डोळ्यात पाणी यावं.

असो. प्लंबरने दट्ट्यावरची जुनी रिंग काढून उजेडात धरली. सुकून चिरली होती. त्याच्या डबीतून, म्हणजे खरं तर काकांच्या फ्लशसाठी आणलेल्या सामानातून, बरोबर मापाची निघाली. तो ग्रीसच्या डबीकडे वळला तसा मी धावत जाऊन सिलिकॉन ग्रीस आणलं. साधं ग्रीस लागलं तर काही रबरं फुगतात. "ह्याला स्पेशल ग्रीस?" तो हसला. काकाही हसले. मी नाही हसलो.

गॅलरीत जाऊन पंप मारला. दोन हातांत दांडा जड होत गेला. तो जडपणा म्हणजेच आतला फुगा भरत असल्याची खूण. मग चाप ओढला. मनगटाएवढी म्हणणार नाही, पण अंगठ्याएवढी धार 'भस्स्' करून सुटली, खालची गाडी, कुंपण सगळं ओलांडून पलीकडच्या भिंतीवर आदळली, आणि जिथून सुटली होती तिथेच एका झटक्यात तुटली. एसीच्या पेटीवर बसलेली कबुतरं उडाली.

काका खुर्चीतून उठले.

"थांब. ही कबुतरावर चालते?"

"काका, ही कबुतरांसाठी नाही."

"पण चालली ना आत्ता?"

मी तो विषय बाजूला सारून प्लंबरला विचारलं, "किती झाले?"

"राहू द्या, साहेब."

"असं कसं? रिंग दिलीत, खोललीत, वेळ घातलात."

"लहान मुलांच्या वस्तूचे मी घेत नाही."

सरळ मनाने म्हणाला, डोळ्यात कुठे थट्टा नाही. थट्टा असती तर बरं झालं असतं. मी पैसे पुढे केले, त्याने हात जोडले. मी पुन्हा केले, तो दाराबाहेर गेला. मला माणसाने लुबाडलं असतं तरी मी एवढा दुखावलो नसतो. निदान गिऱ्हाईक म्हणून तरी लुबाडला असता. आणि जाता जाता जिन्यातून म्हणतो कसा, "व्हिजिट काकांच्या बिलात आहेच. रिंगपण त्यांचीच."

हे वाक्य काकांनी पकडून ठेवलं. संध्याकाळी बेल वाजवून म्हणाले, "रिंग माझी आहे ना? मग दोन दिवस दे." कायद्याने एवढ्या मोठ्या वस्तूत ओ-रिंगचा वाटा किती होतो ते मला माहीत नाही. मी दिली.

ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. आता ती त्यांच्या गॅलरीत खिळ्याला टांगलेली असते, भर उन्हात आणि, हे लिहितानाही माझा हात थरथरतोय, भरलेली. फुगा ताणलेला ठेवून! रबर असं ताणून ठेवलं की ते सैल पडतं, परत पहिल्यासारखं आकसत नाही, ऊन वेगळंच त्याला खातं आणि या फुग्याचा सुटा भाग कुठे मिळत नाही. काम झालं की दाब सोडायचा, रिकामी करायची, सावलीत ठेवायची. हे मी काकांना समजावलं. विनवलं. एकदा आवाजही चढवला.

"रिकामी ठेवली तर वेळेवर पंप मारत बसायचं का मी?" काका म्हणाले. "कबुतर थांबतं का तोवर?"

काकूंनी आतून सांगितलं की हल्ली हे सहाला उठून गॅलरीत दबा धरून बसतात. काका ओशाळले नाहीत. उलट जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "ह्याच्याहून मोठी निघाली होती का रे?"

मी उत्तर द्यायला नको होतं, इतका राग होता. पण या विषयावर मला आजवर कुणी असं, जवळ येऊन, खरंच माहिती हवी म्हणून विचारलेलं नाही.

"निघाली होती," मी म्हणालो. "पाठीवर टाकी बांधायची."

"पाठीवर?" काकांनी खिळ्यावरून माझी बंदूक उतरवून कबुतरांकडे नजर लावली. "मग पाणी भरायला आत यायलाच नको."