तोशीस न लागता जागरूक कसे व्हावे

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मोज्यांचा खण आवरून ठेवावा. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे म्हणजे डाउन सिंड्रोम, म्हणून २१ मार्च हा त्याचा जागतिक दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेने तो २०१२पासून पाळला जातो आणि गुणसूत्रे मोज्यांसारखी दिसतात म्हणून त्या दिवशी दोन पायांत दोन वेगळे मोजे घालतात. एवढे पाठ झाले की आपल्या पायांचे छायाचित्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकावे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला त्यासाठी खाली बोलावू नये. आल्यावर तो खेळायलाही मागतो.

नात्यात असे बाळ जन्मले, तर भेटायला जाणे हे कर्तव्यच आहे. बाळंतिणीशेजारी बसून, आवाज शक्य तितका मऊ ठेवून, ग्रहणात काही चिरले होते का, माहेरी कोणाला असे होते का आणि लग्नाला उशीर झाला होता ना, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. पेशीविभाजनात झालेल्या चुकीमुळे हे घडते, बहुतेक वेळा ते आनुवंशिक नसते आणि आईचे वय वाढते तशी शक्यता वाढत असली तरी अशी बरीच बाळे पस्तिशीच्या आतल्या मातांनाही होतात, असे डॉक्टरांनी त्या घरात सांगितलेले असेलच. पण जास्तीचे गुणसूत्र सापडले ते १९५९ साली, आणि आपल्या आत्याबाई त्याआधीपासून बोलत आहेत. निघताना ‘देवाघरची फुले ही, किती हसरी!’ असे म्हणून बाळाच्या मुठीत नोट ठेवावी. हृदयाची इको तपासणी झाली का, असे मात्र विचारू नये. अशा जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो आणि वेळेत कळल्यास पुष्कळदा शस्त्रक्रियेने तो दुरुस्त होतो. थायरॉइड आणि कान यांचीही तपासणी पुढे वरचेवर लागते. असले विषय काढल्यास एखाद्या मंगळवारी रजा टाकून रुग्णालयाच्या रांगेत सोबतीला उभे राहण्याची वेळ येऊ शकते, आणि नोट देऊन मिळालेले समाधान वाया जाते.

शाळेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण तो मुख्याध्यापकांनी आधीच सोडवलेला असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. म्हणून नाही म्हणायचे नसते, ‘आमच्याकडे तशी सोय नाही, तुमच्याच मुलाचे हाल होतील’ असे म्हणायचे असते. आपण पालकसभेत असाल तर मान डोलवावी. त्याच सभेत पुढचा विषय ‘मुलांमध्ये संवेदनशीलता कशी रुजवावी’ हा असल्यास हिरिरीने बोलावे.

मूल मोठे झाले की सावधगिरी वाढवावी लागते, कारण ते मोठे झाले आहे हे विसरणे अवघड होत जाते. पंचविशीतला एक तरुण किराणा दुकानात यादी आणि पैसे स्वतःच्या हातात धरून उभा आहे आणि आई दोन पावले मागे आहे, अशी कल्पना करा. इथे दुकानदाराने आईलाच विचारावे, ‘ह्याला काय हवंय?’ तोंडाचे स्नायू सैल असल्याने शब्द सावकाश येतात. अशा अनेकांना बोलता येते त्यापेक्षा समजते बरेच जास्त, त्यामुळे हा प्रश्न त्यालाही नीट समजतो. ‘जाडे’ हा शब्द त्याच्या ओठांवर येईपर्यंत पातळ पोह्यांचा पुडा काउंटरवर आलेला असतो. तो पुडा परत सरकवतो, यादीवर बोट ठेवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. आपण रांगेत असाल तर घड्याळाकडे एकदा पाहून घ्यावे, मग आईकडे वळून, तरुणाला ऐकू जाईल अशा बेताने, ‘हुशार आहे हो!’ असे म्हणावे. तो चिडलाच, तर ही मुले नेहमी आनंदी असतात याची आईला आठवण करून द्यावी.

त्याला नोकरी देण्याचा विचार मनात आल्यास पणत्या विकत घ्याव्यात. कार्यशाळेत रंगवलेल्या पणत्या दिवाळीत छान दिसतात आणि आपल्या कार्यालयात फायली लावायला माणूस हवा आहे, ही गोष्ट वर्षभर आठवत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न लग्नकार्यासाठी राखून ठेवावा. मांडवात त्याचे आईवडील दिसताच हात हातात घेऊन म्हणावे, ‘तुमच्यानंतर ह्याचं कसं व्हायचं हो?’ ते स्वतः या प्रश्नाने रोज रात्री जागे असतात, त्यामुळे उत्तर तयार असते. ते सांगू लागतील की राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, अर्जही आणून ठेवला आहे, फक्त पालक म्हणून कोणाचे नाव घालावे ते ठरत नाही. नात्यातले, जवळ राहणारे, त्याला लहानपणापासून ओळखणारे कोणी असते तर... या ठिकाणी पंगत बसली का ते पाहून यावे.