आकडा खरा असतो, पण कशाचा?

बातमीत किंवा जाहिरातीत मोठा आकडा दिसला की बहुतेक जण एक तर डोळे झाकून विश्वास ठेवतात, नाहीतर "सगळे थापा मारतात" म्हणून हात झटकतात. दोन्हीत डोक्याला ताप नाही, म्हणून दोन्ही सोयीचं वाटतं. पण धादांत खोटा आकडा छापणं मोठ्या कंपनीला कोर्टात महागात पडतं. छापलेला आकडा बहुतेक वेळा खराच असतो. तो कशाचा आहे आणि कुठे मोजलाय, हे मात्र बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. म्हणून "हे खरं का?" याच्या आधी "हे कशाचं?" विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

पॉवर बँकचंच घ्या. खोक्यावर १०,००० एमएएच (बॅटरीत किती विद्युतभार साठतो त्याचं माप), फोनची बॅटरी ५,००० एमएएच. म्हणजे फोन दोनदा फुल होणार, असा हिशेब आपण मनात करतो आणि तो चुकतो. ते १०,००० आतल्या लिथियम सेलचे आहेत आणि सेलचा व्होल्टेज सरासरी ३.७. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की ३७ वॉट-अवर येतात. साठवलेली ऊर्जा एवढीच. यूएसबीतून ती ५ व्होल्टला बाहेर पडते, म्हणजे तिथे ७,४०० एमएएच झाले. व्होल्टेज चढवणारं सर्किट तापतं, त्यात दहा-पंधरा टक्के जातात, उरतात ६,३०० ते ६,६००. पुढे फोनमधलं सर्किट तोच व्होल्टेज पुन्हा खाली उतरवतं, तिथेही थोडं जातं. फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टची धरली तर तिला सव्वाएकोणीस वॉट-अवर लागतात आणि पोचतात जेमतेम २९. दीड वेळा चार्ज, बस्स. पॉवर बँक बिघडलेली नाही, आपण सेलचा आकडा फोनच्या आकड्याशी ताडला. पाठीमागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी', म्हणजे बाहेर प्रत्यक्ष मिळणारा आकडा, असते, घेताना ती बघा. तीच छापलेली नसेल तर मी ती वस्तू घेऊ नका असंच सांगेन.

खोटारडी पॉवर बँक ओळखायला तर साधा वजनकाटा पुरतो. बोटाएवढ्या जाडीचा जो गोल सेल (१८६५०) वापरतात, त्यात चांगल्या कंपनीचा असला तरी साडेतीन हजार एमएएचच्या आसपास बसतात आणि त्याचं वजन असतं पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम. म्हणजे १०,००० ला तीन सेल, दीडशे ग्रॅमच्या आसपास. ५०,००० लिहिलं असेल तर नुसते सेलच पाऊण किलोच्या घरात जायला हवेत. हातातली वस्तू तीनशे ग्रॅम भरत असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही.

हार्ड डिस्कचा वाद वेगळा आहे. १ टीबीची डिस्क संगणकात ९३१ जीबी दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. तिथे कुणी काही चोरलेलं नाही.

आता कुठे मोजलं याबद्दल. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत प्रदूषणाच्या परीक्षेत पास होत होत्या. परीक्षेत गाडी रोलरवर उभी असते, चाकं फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही. गाडीतलं सॉफ्टवेअर अशा खुणांवरून परीक्षा चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालवायचं. धूर मोजणारं यंत्र गाडीतच बसवून ती खऱ्या रस्त्यावर पळवल्यावर फरक दिसला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण फुटलं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या; काहींचा नायट्रोजन ऑक्साइडचा धूर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. प्रयोगशाळेतला कागद मात्र बरोबर होता.

डिसेंबर २०२२ मधली फ्यूजनची, म्हणजे अणूंची केंद्रं एकत्र जोडून ऊर्जा काढण्याची, बातमीही अशीच वाचायला हवी होती. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा आत गेली, ३.१५ बाहेर आली. विज्ञान म्हणून हे मोठंच काम आहे, त्यात कमी लेखण्यासारखं काहीच नाही. पण 'आत' म्हणजे लक्ष्यावर पडलेला प्रकाश. ते लेझर पेटवायला विजेच्या जोडणीतून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढावे लागले होते. "आता स्वस्त विजेचा प्रश्न मिटला" अशा मथळ्यांना ही रेघ कुठे आखली आहे हे सांगावंसं वाटलं नाही, याचा मला राग येतो.

सगळ्यात जास्त नुकसान टक्केवारी करते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हे खरं होतं. सात हजार बायकांमध्ये एकीला व्हायचं, ते दोघींना. पण हा दुसरा हिशेब लोकांपर्यंत पोचलाच नाही. असंख्य बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्यांना कुणी सांगायचं? 'दुप्पट', 'निम्मं', '१८ टक्क्यांनी वाढलं' असं वाचलं की आधी किती जणांत किती होतं ते शोधा. बातमीत ते दिलंच नसेल तर ती बातमी अर्धवट आहे. ती वाचून घाबरू नका, चालू असलेलं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

हीच चूक उलट्या बाजूनेही होते. फायझरच्या कोविड लशीची परिणामकारकता ९५ टक्के आली, तेव्हा "म्हणजे शंभरातल्या पाच जणांना होणारच" असं भरपूर फिरलं. चाचणीत जवळपास ४३ हजार माणसं होती. त्यांच्यातले १७० आजारी पडले: १६२ बिनऔषधाचं इंजेक्शन घेतलेल्या गटातले, ८ लस घेतलेल्या गटातले. दोन्ही गट साधारण सारख्या आकाराचे. ९५ टक्के म्हणजे १६२ आणि ८ यांच्यातला फरक. त्या ५ टक्क्यांचा शंभर माणसांशी संबंधच नाही. शंका घ्यायची तर आपल्याला आवडलेल्या फॉरवर्डवरही तितकीच घ्या, नाहीतर तो नुसता हट्ट होतो.

राहिला ९९.९ टक्के जंतू मारणारा साबण. दहा लाखांतले हजार उरले तरी तो आकडा खराच, शिवाय तो प्रयोगशाळेत, ठरावीक जंतूंवर, ठरावीक वेळ ठेवून काढलेला. तुमचे हात धुवायला लागतात किती सेकंद? आणि साध्या साबणाने किती जातात, हे त्या वेष्टनावर कधीच नसतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये कंपन्यांना नेमकं हेच विचारलं: तुमची जंतुनाशक द्रव्यं साधा साबण आणि पाण्यापेक्षा सरस आहेत आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत याचा पुरावा द्या. पुरेसा पुरावा आला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसकट १९ द्रव्यांना घरगुती हात-अंग धुण्याच्या साबणांत मनाई झाली.