एका चौरस फुटात १०० वॅट कुठून येणार?

गेल्या रविवारी इचलकरंजीहून थोरल्या मामांचा फोन आला. गच्चीवर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसवायचे ठरले होते, ते काम त्यांनी थांबवले आणि ठेकेदाराला ‘दिवाळीनंतर पाहू’ असे कळवूनही टाकले. कारण विचारल्यावर त्यांनी मला एक संदेश पाठवला. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी केसापेक्षा पातळ सौर फिल्म तयार केली आहे, ती पत्र्याला किंवा भिंतीला चिकटवता येते, एका चौरस फुटातून १०० वॅट वीज मिळते, चांदण्यातही ती चालते, आणि पॅनेलवाल्या कंपन्या हा शोध दडपत असल्यामुळे आता पॅनेलवर पैसे घालवू नयेत, असा त्याचा मजकूर होता. शेवटी आगाऊ नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक दिला होता.

आधी त्या १०० वॅटचे पाहू, कारण मामांनी हिशेब केला तो याच आकड्यावर. निरभ्र आकाशात भर दुपारी जमिनीवर पोहोचणारी सूर्याची ऊर्जा एका चौरस मीटरला साधारण १००० वॅट असते. चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट बसतात, म्हणजे एका चौरस फुटावर पडणारे सगळे ऊन मिळून ९३ वॅटच्या आसपास भरते. जेवढे ऊन पडतच नाही, त्याहून जास्त वीज ही फिल्म देणार, असे संदेश सांगतो आहे आणि शिकलेली माणसे तो पुढे पाठवत आहेत.

ऑक्सफर्डचे संशोधन मात्र खरे आहे. तिथल्या भौतिकशास्त्र विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेला पेरोव्स्काइट या उन्हापासून वीज करणाऱ्या पदार्थाचा थर जेमतेम एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, थोडा जाड आहे, आणि त्याची २७ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उन्हातला वीज होणारा वाटा, जपानच्या एका राष्ट्रीय संशोधन संस्थेने तपासून प्रमाणित केली आहे. पण ती मोजणी प्रयोगशाळेतल्या छोट्या सौर घटावरची (सेलवरची) आहे. पंचवीस वर्षे ऊन-पाऊस सोसणाऱ्या छपरावरची नव्हे, आणि ओलाव्याने खराब होणे हे तर पेरोव्स्काइटचे जुनेच दुखणे आहे. शिवाय २७ टक्के धरले तरी चौरस फुटाला २५ वॅट होतात, आणि बाजारात आज मिळणारे २२ टक्क्यांचे पॅनेल २० वॅट देते. पाच वॅटच्या फरकासाठी मामांनी काम थांबवले.

भिंतीचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला पटतो. मामांना दक्षिणेची मोठी, मोकळी भिंत दिसली. इचलकरंजी विषुववृत्ताच्या उत्तरेला १७ अंशांच्या आत आहे; शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवस, तिथे मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य दिवसभर उत्तरेच्या बाजूलाच राहतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन एकदाही पडत नाही. त्याआधीच्या एप्रिलमध्येही ते इतके तिरपे घसरते की हाती फारसे लागत नाही. हिवाळ्यात ती भिंत बरी वीज देईल हे मान्य, पण पंखे आणि कूलर चालतात ते उन्हाळ्यात. भिंतींवरील सौर फिल्मची जी छायाचित्रे फिरतात ती बहुधा युरोपातली असतात. जर्मनीतले ड्रेस्डेन उत्तरेला ५१ अंशांवर आहे, तिथे सूर्य आकाशात बराच खालून, तिरपा चालतो, म्हणून तिथल्या भिंतीचा हिशेब वेगळा.

चांदण्याबद्दल एवढेच, की पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या सुमारे चार लाखावा भाग असतो. दडपणुकीचा आरोपही टिकत नाही, कारण ऑक्सफर्डमधूनच निघालेली ऑक्सफर्ड पीव्ही ही कंपनी पेरोव्स्काइटचा थर नेहमीच्या पॅनेलमधल्या सिलिकॉनवर चढवून पॅनेलच बनवते आणि २०२४ पासून ती विकतेही आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करावी लागते. काचेचे पॅनेल चौरस मीटरला ११-१२ किलो भरते, आणि मामांच्या शेजारच्या यंत्रमागाच्या शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे ते पेलणार नाहीत. अशा छपरांसाठी हलकी, लवचिक फिल्म उद्या खरोखर उपयोगी पडेल. जपान तिच्यावर भर देतो आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. पण मामांची गच्ची काँक्रीटची आहे. तिथे ३ किलोवॅटला केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि महिन्याला सुमारे ३०० युनिट वीज हे पॅनेल आजच देऊ शकतात.

राहिला तो मोबाइल क्रमांक. पातळ थराच्या सौर पॅनेलसाठी भारतीय मानक आहे, आयएस १६०७७. त्या मानकाचे प्रमाणपत्र दाखवा, असे मी मामांना त्या क्रमांकावर विचारायला लावले. पलीकडून उत्तर आले, की आधी नोंदणीचे ५,००० रुपये भरा, कागद नंतर पाठवू. मामांनी पैसे भरलेले नाहीत.