इरकल कन्नड आणि कोल्हापुरी मराठी? बेळगावात हा हिशोब बसत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडं फिरायलाय. म्हणे बेळगाव-निपाणीकडं माणूस तोंड उघडायच्या आधीच कपड्यावरून ओळखतो, काष्टा, फेटा, कोल्हापुरी पायताण म्हणजे मराठी, इरकल आणि खण म्हणजे कन्नड, आणि आपल्या बायका इरकल नेसायलेत म्हणजे मराठीपण चाललं. मी इथलाच, मराठी शाळेत शिकलेला, भाषेसाठी जीव तुटतो माझा, म्हणूनच हे असलं पटत नाही.

आधी इरकल बघू. विणतात बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला, ते बरोबर. पण कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या कितीतरी आज्ज्यांनी जन्म काढला तो इरकलीतच, आणि तीही नऊवारी, काष्टा मारून, मग त्यांना कुठल्या बाजूला बसवणार? धारवाड-बागलकोटकडच्या कितीतरी कन्नड म्हाताऱ्याही कासोटा घालून नेसतात. इरकल एकदा हातात घेऊन बघा, अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा, दोन्ही फासात फास अडकवून जोडलेले, म्हणून तर तो लाल-पांढरा टोप पदर एवढा उठून दिसतो. खण बागलकोटकडच्याच गुळेदगुड्ड गावचा, पण मराठी घरात ओटी भरायची तर खण-नारळ लागतोच, आणि शेजारच्या कन्नड घरातही 'उडी', म्हणजे ओटीच, भरताना तोच खण.

पायताणाचं तर सरकारी कागदावरच आहे. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते 8 जिल्ह्यांना मिळून, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी, निपाणीला पिढ्यानपिढ्या चामडं शिवणारी घरं आहेत. 2025 ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलंच पायताण दाखवलं तेव्हा या गावांचीही नावं घ्या असं कर्नाटकातून म्हटलं गेलं, आणि ते रास्तच होतं. फेट्याबद्दल फार बोलत नाही, दोन्हीकडचे शेतकरी डोक्याला गुंडाळतात.

मग कपडा काही बोलतच नाही काय? बोलतो की, पण दुसरंच. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन बघा. देवी विधवा झाली असं मानतात त्या रांडाव पुनवेला जोगतिणी, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायका, बांगड्या फोडतात, आणि देवी परत सवाष्ण होते त्या अहेव पुनवेला परत हिरवा चुडा भरतात. मोकळा हात आणि भरलेला हात याचा अर्थ काय ते कोल्हापूरच्या बाईलाही कळतं आणि गोकाकच्या बाईलाही, कुणाला सांगायला लागत नाही. हात बघून बाई अहेव की विधवा ते लोक ठरवतात, आणि त्यावरून तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही तेही, मला तर ही गोष्ट भाषेच्या भांडणापेक्षा जास्त टोचते. त्यावर एक मेसेज फिरत नाही कधी.

आणि भाषा कपड्यातून सांगायचीच असली तर माणसं ती मुद्दाम अंगावर घेतात. 1 नोव्हेंबरला बेळगावात बघा, कर्नाटक स्थापना दिनाच्या, म्हणजे राज्योत्सवाच्या, मिरवणुकीत लाल-पिवळे शेले, आणि त्याच दिवशी काळा दिवस पाळणारी आपली माणसं काळे कपडे, काळ्या फिती लावून सायकल फेरीला. बेळगाव तिकडच्या राज्यात घातलं गेलं त्या 1956 पासूनचं दुखणं आहे ते, दंडावरची फीत बघून कळतं कोण कुठल्या बाजूचा. 2 तारखेला मात्र दोघंही तसलाच शर्ट-पँट घालून कामावर जातात.

तेव्हा तो मेसेज आला तर पुढं ढकलू नका, आणि बाजारात इरकल नेसून आलेल्या बाईला त्यावरून कुणी टोकलं तर तिथल्या तिथं अडवा.