रुंदीकरणाच्या आधी जोडरस्ते

पुण्याच्या वाहतूक कोंडीवरच्या एका लेखात रस्तारुंदीकरण आणि उड्डाणपूल एवढेच उपाय सुचवलेत. मूळ दुखणं मला वेगळं वाटतं: नव्या भागातले रस्ते एकमेकांना जोडलेलेच नाहीत. जुन्या सदाशिव, नारायण पेठेतले बोळ अरुंद, पण एक बंद असला तर पलीकडच्या बोळातून जाता येतं. वाघोली, धायरीसारख्या नव्या भागांत ती सोय नाही. एकेका शेतकऱ्याचा जमिनीचा गट एनए (बिगरशेती) झाला, बिल्डरने त्यातून मुख्य रस्त्यापर्यंत एक रस्ता काढला आणि मागे कंपाउंडची भिंत घातली. शेजारच्या गटातही तेच. म्हणून भिंतीपलीकडच्या शाळेत मूल सोडायलाही आधी हमरस्त्यावर यावं लागतं. मग तो हमरस्ता कितीही रुंद करा, भरणारच!

2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, तोवर अनेक ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या होत्या. इमारत पाडून नवी बांधता येते, रस्त्यांची आखणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

यावर उपाय म्हणजे नगररचना योजना: तिच्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून आधी रस्ते आखतात, मग प्रत्येकाला थोडा लहान पण रस्त्यालगतचा भूखंड मिळतो. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यातही ही तरतूद होती. भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, अशी योजना झाली. अहमदाबादने तर ही पद्धत सातत्याने वापरली.

समाविष्ट गावांत जिथे अजून शेतं मोकळी आहेत, तिथे हे आत्ताच करा. आणि बांधकाम परवानगीतच अट घाला, दोन सोसायट्यांच्या मधून निदान पायी आणि सायकलने जाण्याइतकी वाट खुली ठेवायची.